क्यूबिटचं उत्तर वाचायचं कसं? क्वांटम कम्प्युटरचं गाडं नेमकं इथेच अडतं

ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबईतून एक बातमी आली. कुलाब्याच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये, म्हणजे टीआयएफआरमध्ये, सहा क्यूबिटच्या क्वांटम प्रोसेसरची पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंतची चाचणी पूर्ण झाली. सोबत होती डीआरडीओची पुण्यातली क्वांटम तंत्रज्ञानाची यंग सायंटिस्ट्स लॅबोरेटरी आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस, आपली टीसीएस. क्लाउडवरून प्रोग्राम पाठवला गेला, तो कुलाब्याच्या चिपवर चालला आणि उत्तर पुन्हा क्लाउडवर आलं.

अशा बातमीत डोळ्यांत भरतो तो आकडा. सहा क्यूबिट. मग लगेच तुलना सुरू होते, गूगलकडे किती, आयबीएमकडे किती, आपण किती मागे. पण त्या बातमीतला सगळ्यात अवघड भाग शेवटच्या तीन शब्दांत लपलेला होता: उत्तर परत आलं.

ते चिपमधून बाहेर आलं कसं? हे कोणी फारसं विचारत नाही. क्यूबिटमध्ये काय आहे हे पटकन आणि न चुकता वाचता आलं नाही, तर क्यूबिट सहा असोत की सहाशे, त्यांचा उपयोग शून्य.

मे महिन्यातला बर्फ

अडचण काय आहे ते समजायला जळगावचा मे महिना पुरेसा आहे. पारा ४५ अंशांच्या घरात. रसवंतीवाल्याने बर्फाची लादी मागवली आणि ती काट्यावर ठेवली. काटा जुना, स्थिर व्हायला वेळ घेणारा. घाईत आकडा वाचला तर काटा अजून हलतोय, म्हणजे वजन चुकलं. काटा शांत होईपर्यंत थांबलं तर तेवढ्यात बर्फाचं पाणी होऊन ओघळलं, म्हणजे वजन पुन्हा चुकलं. घाई केली तरी नुकसान, थांबलं तरी नुकसान.

क्यूबिट हा असाच बर्फ आहे. त्यात साठवलेला १ आपोआप वितळून ० होतो. चांगल्या सुपरकंडक्टिंग क्यूबिटमध्ये याला काही दहा ते काही शे मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही बहुधा कमी. त्याच्या आत गणित करायचं आणि त्याच्या आतच उत्तरही वाचायचं.

थोडा हिशेब करू. समजा क्यूबिटचं सरासरी आयुष्य ५० मायक्रोसेकंद आहे आणि वाचायला अर्धा मायक्रोसेकंद लागतो. म्हणजे वाचता वाचता १ वितळून ० होण्याची शक्यता साधारण एक टक्का. वाचन जवळपास संपत आल्यावर वितळला तर उत्तर तरीही बरोबर येतं, सुरुवातीलाच वितळला तर चुकतं. त्यामुळे चूक होते ती साधारण अर्धा टक्का. यंत्र कितीही उत्तम असू द्या, अर्धा मायक्रोसेकंद घेतला की हा अर्धा टक्का गेलाच. कमी करायचा असेल तर दोनच वाटा आहेत. क्यूबिट जास्त काळ टिकवा, नाहीतर काटा लवकर स्थिर करा.

हा लेख दुसऱ्या वाटेबद्दल आहे.

क्यूबिट म्हणजे आहे तरी काय?

सुपरकंडक्टिंग क्यूबिट हा धातूचा एक छोटासा विजेचा सर्किट असतो. ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या, मधे ऑक्साइडचा अतिशय पातळ थर. थर इतका पातळ की विजेचा प्रवाह त्याच्या आरपार सुरुंग काढल्यासारखा निघून जातो. या सांध्याला जोसेफसन जंक्शन म्हणतात. ब्रायन जोसेफसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९६२ मध्ये हा परिणाम आधी कागदावर मांडला आणि १९७३ मध्ये त्याला नोबेल मिळालं. (योगायोग असा, की टीआयएफआरची कुलाब्याची इमारत सुरू झाली तेही १९६२ मध्येच.)

हा सर्किट अणूसारखा वागतो. त्याला ऊर्जेच्या ठरावीक पायऱ्या असतात. खालची पायरी म्हणजे ०, वरची म्हणजे १. दोन्हींमधलं अंतर साधारण पाच गिगाहर्ट्झच्या लहरीएवढं, म्हणजे तुमच्या घरच्या वायफायच्या आसपासचं. आणि क्वांटम नियमांमुळे तो एकाच वेळी थोडा ० आणि थोडा १ अशा मिश्र अवस्थेतही राहू शकतो. मोजलं की मात्र एकच काहीतरी मिळतं.

हे सगळं चालतं ते भयंकर थंडीत. चिप ठेवलेली असते डायल्यूशन रेफ्रिजरेटर नावाच्या यंत्राच्या तळाशी, निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागावर. सेल्सियसमध्ये सांगायचं तर उणे २७३.१३ च्या आसपास. निरपेक्ष शून्यापासून मोजलं तर जळगावची मेमधली दुपार त्याहून सुमारे सोळा हजार पट गरम. एवढी थंडी का? कारण खोलीच्या साध्या तापमानाची उष्णतासुद्धा क्यूबिटच्या दोन पायऱ्यांमधल्या अंतराच्या हजारपटीहून मोठी असते. त्या धक्क्यात ० कोण आणि १ कोण, काहीच ओळखू येणार नाही.

मडकं वाजवून घेण्याची युक्ती

आता वाचायचं कसं? क्यूबिटला थेट तार जोडली तर त्यातली ऊर्जा तारेतून वाहून जाईल, बर्फ हातात धरून वजन करण्यासारखं. म्हणून वेगळी युक्ती करतात, आणि ती कुंभाराकडून मडकं घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

मडकं घेताना आपण ते फोडून बघत नाही. बोटाने टकटक करतो. चांगलं असेल तर खणखणीत आवाज, तडा असेल तर बद्द. आतली गोष्ट आवाजावरून कळते.

क्यूबिटच्या शेजारी असंच एक मडकं ठेवलेलं असतं. त्याला रेझोनेटर म्हणतात. चिपवरच धातूची वळणावळणाची रेघ काढलेली असते, ती साधारण सात गिगाहर्ट्झला घुमते. क्यूबिट ० असेल तर हे मडकं एका सुरात घुमतं, १ असेल तर सूर किंचित सरकतो. सरकतो किती? सात हजार मेगाहर्ट्झमधले जेमतेम एक-दोन ते काही मेगाहर्ट्झ. बाहेरून एक हलकी मायक्रोवेव्ह लहर पाठवायची, रेझोनेटरवर आपटून ती परत आली की तिचा ताल किती मागेपुढे झाला ते बघायचं, आणि त्यावरून ० की १ ते ठरवायचं. २००४ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात ही पद्धत मांडली गेली आणि करूनही दाखवली गेली. आज जवळपास सगळे सुपरकंडक्टिंग क्वांटम कम्प्युटर याच पद्धतीने वाचले जातात.

यात एक सोय आहे. नीट केलं तर वाचून झाल्यावरही क्यूबिट त्याच अवस्थेत राहतो. १ वाचला, तर तो १ च असतो, पुन्हा वाचला तरी १. मडकं वाजवल्यावरही शाबूत राहतं तसं.

हळू वाजवलं तर ऐकू येत नाही, जोरात वाजवलं तर फुटतं

टकटक किती जोरात करायची, इथून खरी गोम सुरू होते.

ही लहर अविश्वसनीय हलकी असते. रेझोनेटरमध्ये एका वेळी असतात फक्त काही फोटॉन, फार तर काही दहा. बाहेर येणारी शक्ती एका वॉटच्या अब्जाव्या भागाचाही दशलक्षावा भाग, एवढ्याच पातळीची. ती ऐकायची म्हणजे आखाजीच्या जत्रेत कोणीतरी लांबून कुजबुजलेलं ऐकण्यासारखं.

मग आवाज वाढवा की? म्हणजे जास्त फोटॉन पाठवा? तेही थोडंच जमतं. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथल्या गटाने दाखवून दिलं, की जास्त जोराने वाजवलं तर क्यूबिट ० आणि १ सोडून वरच्या भलत्याच पायऱ्यांवर उडी मारतो. गणितात त्या पायऱ्यांना जागाच नाही. असा क्यूबिट चुकीचं उत्तर देतोच, वर पुढच्या फेऱ्याही बिघडवतो. मडक्याला तडा आपणच पाडला, अशी गत.

म्हणजे कुजबूज मोठी करता येत नाही. उरतं काय? कान सुधारायचे.

कानांची साखळी

फ्रिजच्या तळापासून बाहेरच्या कम्प्युटरपर्यंत तो इवलासा संदेश टप्प्याटप्प्याने वाढवत नेतात. अनेक वर्षं यातला पहिला मोठा ॲम्प्लिफायर फ्रिजच्या चार केल्विनच्या मजल्यावर बसवलेला असायचा. हा एक खास ट्रान्झिस्टर आहे, रेडिओ खगोलशास्त्रातही असेच थंड ॲम्प्लिफायर वापरले जातात. पुण्याजवळ खोडदला टीआयएफआरचीच मोठी रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटरच्या ३० तबकड्यांची. दूरच्या आकाशगंगेची कुजबूज ऐकायची असो की शेजारच्या क्यूबिटची, दुखणं एकच: ॲम्प्लिफायर आवाज वाढवतो तेव्हा स्वतःचा खरखराटही त्यात मिसळतो.

या जुन्या साखळीत तो खरखराट किती? मोजायचंच तर एका फोटॉनच्या संदेशामागे साधारण दहा-वीस फोटॉनएवढा. अशा वेळी एकच उपाय, जास्त वेळ ऐकत राहायचं, म्हणजे सरासरीत खरखराट दबतो. पण खरखराट वीसपट असेल तर तितकंच स्पष्ट ऐकायला वेळही जवळपास वीसपट लागतो. जे काम १०० नॅनोसेकंदांत व्हायला हवं त्याला दोन मायक्रोसेकंद. आणि तोपर्यंत बर्फ? आपल्या मघाच्या हिशेबाने दोन टक्के चूक, फक्त वितळण्यामुळे.

म्हणून बराच काळ शास्त्रज्ञ एकाच क्यूबिटवर तोच प्रयोग हजारो वेळा करून सरासरी काढत. सरासरीवर शोधनिबंध निघतो. कम्प्युटर चालत नाही. कम्प्युटरला प्रत्येक फेरीचं उत्तर त्याच फेरीत लागतं.

आखाजीचा झोका

वाट निघाली ती पुन्हा जोसेफसन जंक्शनमधूनच. ज्या सांध्याने क्यूबिट बनतो, त्याच सांध्याने त्याचा कानही बनतो. याला जोसेफसन पॅरामेट्रिक ॲम्प्लिफायर म्हणतात. नाव जड आहे, पण खान्देशात आखाजीला झाडाला बांधलेल्या झोक्यावर उभं राहून झोका चढवलेल्या कोणालाही त्याचं तत्त्व ठाऊक आहे.

उभ्याने झोका चढवताना कोणी मागून ढकलत नाही. झोका खालच्या टोकाला आला की माणूस उठून उभा राहतो, वर गेला की गुडघ्यात वाकतो. एका हेलकाव्यात दोनदा उठबस. तेवढ्यावर झोका उंच उंच जातो. मात्र एक अट आहे. झोका आधी थोडा तरी हलता पाहिजे. पूर्ण थांबलेल्या झोक्यावर कितीही उठबस केली तरी काही होत नाही. म्हणजे ही युक्ती नवी हालचाल तयार करत नाही, आहे तीच मोठी करते.

ॲम्प्लिफायरमध्ये उठबस करते एक जोरदार मायक्रोवेव्ह लहर. तिला पंप म्हणतात. तिच्यामुळे जोसेफसन जंक्शनचा गुणधर्म तालात बदलत राहतो आणि क्यूबिटकडून आलेला इवला संदेश शंभरपट मोठा होतो. यात ट्रान्झिस्टर नाही, तापणारा रोध नाही, त्यामुळे स्वतःचा खरखराट जवळपास नाही. तरी शून्य नाहीच. अमेरिकन शास्त्रज्ञ कार्लटन केव्ह्ज यांनी १९८२ मध्ये गणिताने दाखवलं होतं, की लहरीचे दोन्ही घटक सारखेच वाढवणाऱ्या कोणत्याही ॲम्प्लिफायरला किमान अर्ध्या फोटॉनएवढा खरखराट घालावाच लागतो. तो निसर्गाचाच कर आहे, चुकवता येत नाही. पॅरामेट्रिक ॲम्प्लिफायर त्या हद्दीच्या अगदी जवळ पोहोचतात. आणि संदेश एकदा शंभरपट झाला की पुढच्या ट्रान्झिस्टरचा वीस फोटॉनचा खरखराट वीस भागिले शंभर, म्हणजे ०.२ एवढाच मोजला जातो. पहिला कान चांगला असला की मागचे कान थोडे बहिरे असले तरी चालतं.

येल, बर्कली, कुलाबा

या कानाच्या घडणीत मुंबईचा धागा गुंफलेला आहे. २००४ मध्ये येलमध्ये जोसेफसन जंक्शनवर चालणारा एक नवा ॲम्प्लिफायर दाखवण्यात आला. त्या कामात इरफान सिद्दीकी होते, मिशेल डेव्होरे होते आणि आर. विजय हा विद्यार्थी होता. विजय यांची २००८ ची पीएचडी याच ॲम्प्लिफायरवर, डेव्होरे यांच्या मार्गदर्शनाखाली झाली. जोसेफसन जंक्शनच्या सर्किटमध्ये क्वांटम परिणाम दिसतात हे १९८४-८५ च्या प्रयोगांतून सिद्ध केल्याबद्दल जॉन क्लार्क आणि जॉन मार्टिनिस यांच्यासोबत २०२५ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, तेच हे डेव्होरे.

पुढे विजय बर्कलीला सिद्दीकींच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे २०११ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पॅरामेट्रिक ॲम्प्लिफायर लावून एका क्यूबिटकडे सलग बघत राहण्याचा प्रयोग केला. पडद्यावर दिसलं ते असं: रेघ वर, वर, वर, आणि एकदम खाली. १ चा ० झाला तो क्षण. हजारो फेऱ्यांची सरासरी नाही, एकाच क्यूबिटची एकच उडी, घडताना पाहिलेली. अणूंमध्ये अशा उड्या असतात असं नील्स बोर १९१३ मध्ये म्हणाले होते, एकेकट्या आयनमध्ये त्या १९८६ मध्ये दिसल्या होत्या. माणसाने बनवलेल्या सर्किटमध्ये त्या अशा प्रत्यक्ष दिसण्यासाठी चांगला कान हवा होता. पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, याच गटाने एक पाऊल पुढे टाकलं. क्यूबिट वाचत राहायचं आणि तो भरकटतोय असं दिसलं की लगेच त्याला ओढून जागेवर आणायचं. वाचन पुरेसं जलद असल्याशिवाय हे शक्यच नव्हतं.

त्यानंतर विजय टीआयएफआरमध्ये आले. तिथल्या त्यांच्या प्रयोगशाळेचं नाव आहे क्वांटम मेझरमेंट अँड कंट्रोल लॅबोरेटरी. नावात कम्प्युटर नाही, मोजमाप आहे, आणि ते उगाच नाही.

कुलाब्यातलं एक काम इथे नीट सांगायला हवं. पॅरामेट्रिक ॲम्प्लिफायरची एक जुनी खोड होती. जितका जास्त वाढवायचा, तितकी त्याची पट्टी अरुंद. शंभरपट वाढ हवी असेल तर तो जेमतेम काही दहा मेगाहर्ट्झच्या पट्टीत ऐकू शकायचा. एका क्यूबिटला ते पुरतं. पण खऱ्या चिपवर अनेक रेझोनेटर एकाच तारेवर टांगलेले असतात, प्रत्येकाचा सूर थोडा वेगळा, म्हणजे एकाच तारेतून सगळ्यांची उत्तरं एकदम आणता येतात. बाजारात दहा जण एकदम बोलतायत आणि तुमच्या कानाला एकाचाच आवाज ऐकू येतोय, तर काय उपयोग? प्रत्येक क्यूबिटला वेगळा ॲम्प्लिफायर आणि वेगळी तार द्यायची तर फ्रिजमध्ये जागा संपते.

२०१५ मध्ये टीआयएफआरच्या गटाने यावर तोडगा प्रसिद्ध केला. ॲम्प्लिफायरच्या तोंडाशी, ठरावीक लांबीची तार आणि जोड वापरून, त्याला समोर दिसणारा विद्युत अडथळा मुद्दाम एका विशिष्ट पद्धतीने बदलता ठेवला. चिप तीच, जंक्शन तेच, बदल फक्त जोडणीत. त्यामुळे शंभरपट वाढ तब्बल ६४० मेगाहर्ट्झच्या पट्टीत जवळजवळ सपाट मिळाली, खरखराटही निसर्गाच्या हद्दीजवळच राहिला. त्याच वर्षी बर्कलीतून दुसऱ्या जातीचा, प्रवासी लहरीवर चालणारा ॲम्प्लिफायर आला, त्याची पट्टी आणखी रुंद, पण त्यात दोन हजारांच्या आसपास जंक्शन एका रांगेत बनवावी लागतात. कुलाब्याच्या युक्तीचं मोल तिच्या साधेपणात आहे. मर्यादित साधनांच्या प्रयोगशाळेला परवडेल अशी ती आहे.

दार उघडं ठेवायचं, पण कोणासाठी?

कान झाला. आता मडकंही लवकर घुमायला हवं आणि लवकर शांत व्हायला हवं. त्यासाठी रेझोनेटरचं बाहेरचं दार मोठं ठेवतात, म्हणजे फोटॉन पटकन आत, पटकन बाहेर. पण मग त्याच दारातून क्यूबिटची स्वतःची ऊर्जाही निसटते. वेगाने वाचायला गेलो आणि बर्फच जास्त वेगाने वितळायला लागला! या निसटण्याला एडवर्ड पर्सेल यांचं नाव आहे, त्यांनी १९४६ मध्ये हा परिणाम सांगितला होता.

तोडगा गाळणीचा. सात गिगाहर्ट्झच्या लहरीला वाट द्यायची, पाच गिगाहर्ट्झच्या क्यूबिटची ऊर्जा अडवायची. पर्सेल फिल्टर म्हणतात ती हीच. सांता बार्बराच्या गटाने २०१४ मध्ये अशी गाळणी लावून एकाच चिपवरचे चार क्यूबिट एकाच वेळी वाचून दाखवले, आणि त्यातला सगळ्यात जलद क्यूबिट १४० नॅनोसेकंदांत ९९.८ टक्के अचूक वाचला. २०१७ मध्ये झुरिकच्या ईटीएच या संस्थेत ८८ नॅनोसेकंदांत ९९.२ टक्के, आणि आणखी घाई करून ४८ नॅनोसेकंदांत ९८.२५ टक्के. रसवंतीवाल्याचा काटा पुन्हा आठवा. घाई केली की अचूकता खाली येते, आकड्यांत ती अशी दिसते. त्यानंतरच्या काही वर्षांत १०० नॅनोसेकंदांच्या आसपास ९९.९ टक्क्यांपर्यंत मजल गेली आहे.

९९ टक्के म्हणजे चांगलं की वाईट?

दहावीच्या निकालात ९९ टक्के म्हणजे पेढे. इथे जरा थांबायला हवं.

एक क्यूबिट ९९ टक्के बरोबर वाचला जात असेल, तर सहाच्या सहा बरोबर येण्याची शक्यता साधारण ९४ टक्के. शंभर क्यूबिट असतील तर सगळे बरोबर येण्याची शक्यता फक्त ३७ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे दहापैकी सहा वेळा उत्तरात कुठेतरी एक तरी आकडा चुकीचा. तेच वाचन ९९.९ टक्के केलं तर शंभरच्या शंभर बरोबर यायची शक्यता ९० टक्क्यांवर जाते. दशांश चिन्हानंतरच्या त्या एका नऊसाठी लोक दहा-दहा वर्षं का घालवतात, ते यातून कळतं.

आणि हे झालं शेवटी एकदाच वाचण्याचं. चुका दुरुस्त करणाऱ्या क्वांटम कम्प्युटरमध्ये वाचन सतत चालू असतं. जवळपास निम्मे क्यूबिट पहारेकरी म्हणून नेमलेले असतात आणि त्यांना दर मायक्रोसेकंदाला विचारलं जातं, शेजारी सगळं ठीक आहे ना? डिसेंबर २०२४ मध्ये गूगलने विलो या १०५ क्यूबिटच्या चिपवर दाखवलं, की दुरुस्तीची जाळी मोठी करत नेली तर दर पायरीला चूक निम्म्याहून खाली येते. त्यात पहाऱ्याची एक फेरी १.१ मायक्रोसेकंदाची होती आणि चिपवरच्या क्यूबिटचं सरासरी आयुष्य सुमारे ६८ मायक्रोसेकंद. अशा फेरीत सर्वाधिक वेळ खातं ते गणित नव्हे, वाचन. क्यूबिटवरची एक क्रिया काही दहा नॅनोसेकंदांत उरकते, वाचायला शेकडो लागतात. पहारेकऱ्यांची उत्तरं घेईपर्यंत खऱ्या माहितीचे क्यूबिट नुसते बसून वितळत असतात. म्हणून वाचन जलद झालं की सगळा कम्प्युटरच सुधारतो.

बातम्यांमध्ये क्यूबिटची संख्या ठळक छापतात आणि वाचनाची अचूकता बहुतेकदा छापतच नाहीत. पुढच्या वेळी असा मोठा आकडा दिसला, तर शोधायच्या गोष्टी या: किती नॅनोसेकंदांत वाचलं, एकट्या क्यूबिटचा आकडा आहे की सगळे एकदम वाचतानाचा, आणि सांगितलाय तो सर्वोत्तम क्यूबिटचा आहे की सरासरीचा. तिन्ही उत्तरं एकदम देणाऱ्या कंपन्या थोड्याच. एकटा वाचला जाणारा क्यूबिट शेजाऱ्यांच्या गोंगाटात वाचल्या जाणाऱ्या क्यूबिटपेक्षा नेहमीच चांगला दिसतो.

पुण्याचा वाटा, आणि बाहेरून येणारं सामान

कुलाब्याच्या सहा क्यूबिटमध्ये कामं वाटलेली होती. क्यूबिट टीआयएफआरमध्ये आखले आणि बनवले गेले, ते एकमेकांना जोडण्याची गोल कडीसारखी रचनाही तिथलीच. क्लाउडवरचा भाग टीसीएसचा. आणि क्यूबिट चालवण्याची व मोजण्याची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा जुळवली पुण्याच्या प्रयोगशाळेने, बाजारात मिळणारी उपकरणं आणि स्वतः प्रोग्राम केलेले बोर्ड एकत्र करून. या शेवटच्या कामाबद्दल फारसं बोललं जात नाही, पण वेगाचा दुसरा अर्धा भाग तिथे आहे. लहर फ्रिजच्या बाहेर आली की ती पकडायची, आकड्यांत बदलायची आणि ० की १ हा निवाडा करायचा, तोही इतक्या लवकर की त्यावरून पुढची क्रिया ठरवता यावी. इथे एक मायक्रोसेकंद घालवला तर आत वाचवलेले शंभर नॅनोसेकंद पाण्यात.

चाचणीच्या वेळी जाहीर झालं होतं ते एवढंच, की यंत्रणा वापरासाठी खुली करण्याआधी तिच्या कामगिरीत सुधारणा सुरू आहे. तिचं वाचन किती जलद, किती अचूक, हे त्या बातमीत नव्हतं. सरकारचं राष्ट्रीय क्वांटम मिशन एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालं, ६,००३.६५ कोटी रुपयांचं, २०३०-३१ पर्यंतचं. त्यात ५० ते १,००० क्यूबिटचे कम्प्युटर हे उद्दिष्ट आहे. मिशनच्या चार केंद्रांपैकी क्वांटम सेन्सिंग आणि मापनाचं केंद्र आयआयटी मुंबईकडे, तर कम्प्युटिंगचं बंगळुरूच्या आयआयएससीकडे. हजार क्यूबिटचं लक्ष्य मघाच्या हिशेबात घालून बघा. प्रत्येकाचं वाचन ९९ टक्के असेल तर हजारच्या हजार बरोबर येण्याची शक्यता एक लाखात चार-पाच. म्हणजे नुसते क्यूबिट वाढवून भागणार नाही. फ्रिजची तारांची व्यवस्था, थंडीत चालणारे ॲम्प्लिफायर, लहर एकाच दिशेने जाऊ देणारे चुंबकी भाग, यांतलं बरंच सामान जगात मोजक्याच कंपन्या बनवतात. डायल्यूशन रेफ्रिजरेटरसाठी फिनलंड आणि ब्रिटनमधल्या कंपन्यांची नावं पुढे असतात.

जळगाव-धुळ्यात बसून हे बघता येतं का?

येतं. आयबीएमने २०१६ पासून आपले क्वांटम कम्प्युटर इंटरनेटवर खुले केले आहेत आणि नोंदणी केली की दरमहा काही मिनिटं फुकट मिळतात. महागडी मशीन लागत नाही, साधा लॅपटॉप आणि थोडं पायथन पुरतं.

पहिला प्रयोग करून बघण्यासारखा असा: क्यूबिट ० मध्येच ठेवायचा, काहीही करायचं नाही, आणि हजार वेळा वाचायचा. उत्तर हजार वेळा ० यायला हवं, पण सहसा काही वेळा १ येतो. मग क्यूबिट १ मध्ये न्यायचा आणि पुन्हा हजार वेळा वाचायचा. यात चुकून ० आलेले मोजायचे. बऱ्याच क्यूबिटवर दुसऱ्या प्रयोगातल्या चुका पहिल्यापेक्षा जास्त भरतात, कारण वाचता वाचता १ चा ० होतो, ० चा १ मात्र क्वचितच होतो. आयबीएम प्रत्येक क्यूबिटच्या वाचनाची चूक आणि त्याचं आयुष्य शेजारी-शेजारी देते. ते दोन आकडे आणि वाचनाला लागणारा वेळ घेऊन वरचा अर्ध्या टक्क्याचा हिशेब स्वतः करता येतो, आणि चुकीचा किती भाग वितळण्याचा आणि किती कानाचा, हेही बघता येतं.